मुंबईत खासगी कंपनीने काढलं तर सरकारकडून बेरोजगारी भत्ता मिळतो का? अर्ज कुठे करायचा?

तुम्ही लिहिलंय की साकीनाक्याला एका गाळ्यात पॅकिंग सुपरवायझर होतात, पगार १८ हजार, ऑर्डर नाहीत म्हणून तुमच्यासकट काही जणांना घरी बसवलं आणि आता घरचे रोज मागे लागलेत की भत्त्याचा फॉर्म भर. तर घरचे ज्याला भत्ता म्हणतायत, म्हणजे नोकरी गेली की राज्य सरकार दर महिन्याला खात्यात पैसे टाकतं, तसलं काही आपल्याकडे नाहीये. २०२४ ला ते 'लाडका भाऊ' आलं ना, ते प्रशिक्षणाचं विद्यावेतन आहे, १८ ते ३५ च्या पोरांसाठी, शिक्षणाप्रमाणे ६, ८ नाहीतर १० हजार. तुमचा त्याच्याशी संबंध नाही, सायबरवाला पैसे घेऊन तोच फॉर्म भरून देईल, नादी लागू नका.

तुमच्या कामाची गोष्ट पगार स्लिपवर आहे. ईएसआयची, म्हणजे सरकारी कर्मचारी विम्याची कपात दिसते का बघा, ०.७५ टक्के, म्हणजे १८ हजारावर १३५ रुपये (मालक वरून ३.२५ टक्के भरतो). पगार २१ हजाराच्या आत असला की ही कपात होते आणि आपण सगळे समजतो की हे फक्त दवाखान्याचे पैसे. त्यातच नोकरी गेल्यावर काही दिवस पैसे देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, २०१८ पासून, पण ती आपल्याला कोणी सांगत नाही, एचआर तर नाहीच नाही.

मिळतं किती ते आधी ऐका म्हणजे उगाच आशा नको. शेवटच्या दोन वर्षांचा पगार घ्यायचा, त्याला ७३० ने भागायचं, येईल त्याच्या निम्मं रोजचं, आणि असे जास्तीत जास्त ९० दिवस, तेही अख्ख्या आयुष्यात एकदाच. पूर्वी पाव मिळायचं, मार्च २०२० पासून निम्मं केलं. तुम्ही दोन वर्षं सलग १८ हजारावर असाल तर रोजचे २९५ च्या आसपास, एकूण साडेसव्वीस हजार. मुंबईत खोलीचं भाडं आणि पोरांची फी धरली तर हे पुरणार नाहीतच, पण तुमचेच आहेत, सोडायचे कशाला.

अट अशी की आधीची दोन वर्षं विमा चालू हवा, आणि नोकरी गेली त्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी, त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत पण ७८. सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. हे सगळं ईएसआयसीच्या, म्हणजे हा विमा चालवणाऱ्या महामंडळाच्या साइटवर विमा नंबर टाकून लॉगिन केलं की महिन्यावार दिसतं, मालकाने मधले महिने खाल्ले असतील तर तेही तिथेच कळतं.

आता खरी ग्यानबाची मेख. गैरवर्तनासाठी काढलं असेल, रिटायर झाला असाल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर ही मदत नाही. आणि आपल्याकडे काढताना पद्धत काय, तर केबिनमध्ये बोलवायचं, चहा पाजायचा आणि टाइप केलेला राजीनामा पुढे सरकवायचा, "सही कर, फुल अँड फायनल लगेच सोडतो". माझ्यापुढे पण सरकवला होता, अंधेरीच्या एमआयडीसीत एका छपाई कारखान्यात होतो तेव्हा, तारखेची जागा कोरी ठेवून. मी म्हटलं काम नाही म्हणून काढताय तसं लिहून द्या, बरीच तणतण झाली पण शेवटी दोन ओळींचं पत्र मिळालं. त्याच पत्राने तारलं, कारण ईएसआयच्या शाखेतल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे फिरवून दाखवली तर मालकाने सोडण्याच्या कारणात 'लेफ्ट सर्व्हिस' निवडलेलं. त्या यादीत 'रिट्रेंचमेंट' म्हणजे कामगार कपात आहे, 'नो वर्क' पण आहे, पण ह्यांना दिसलं ते 'लेफ्ट सर्व्हिस'! ते टाकलं की तुम्ही स्वतःहून सोडली असं दिसतं आणि मग वाद घालत बसा. म्हणून सही केली नसेल तर करू नका. राजीनामा दिलात तर कामगार कपातीची नुकसानभरपाई, म्हणजे नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार, तीसुद्धा गेली.

अर्ज नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी करायचा, वर्षाच्या आत, मालकाची सही-शिक्का काही लागत नाही. साइटवर क्लेम भरा, आधार आणि बँक पासबुक स्कॅन करून चढवा, खात्यावरचं नाव आधारप्रमाणेच असू द्या, 'विलास' आणि 'विलासराव' एवढ्यावरून पण परत येतो. कागद ऑनलाइन चढवले नसतील तर प्रिंट काढून सही करून झेरॉक्ससकट शाखेत द्यायची. कोर्टाबाहेरचे लोक स्टॅम्प पेपर, अ‍ॅफिडेव्हिट सांगतील, ती भानगड २०२० लाच काढून टाकलीय. शाखा म्हणजे तुमच्या विमा नंबरला जोडलेली, लोअर परळचं पंचदीप भवन हे मोठं ऑफिस, तिथे सरळ गेलात तर परत शाखेतच पाठवतील. ही योजना मुदतवाढीवर चालते, तेव्हा शाखेत पहिला प्रश्न हाच विचारा की सध्या मुदत कुठवर आहे. जेवढे दिवस पैसे मिळतात तेवढे दिवस दवाखाना पण चालू राहतो, बायकोचं शुगरचं औषध वगैरे असेल तर हे लक्षात ठेवा.

गाळा कायमचाच बंद झाला किंवा रीतसर कामगार कपात झाली असेल तर ईएसआयच्याच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेची पण चौकशी करा, ती २००५ ची, तिच्यात पहिल्या वर्षी पगाराच्या निम्मं आणि दुसऱ्या वर्षी पाव असं दोन वर्षांपर्यंत मिळू शकतं, कागद मात्र कडक मागतात.

पीएफ वेगळा. मालक तिथे नोकरी सोडल्याची तारीख टाकत नसेल तर पाया पडत बसू नका, दोन महिने गेले की यूएएनच्या (पीएफचा तुमचा कायमचा नंबर) साइटवर आधारचा ओटीपी टाकून ती तारीख स्वतः भरता येते. आणि तुम्ही ठेकेदाराच्या नावावर असाल तर ईएसआय-पीएफ दोन्हीकडे मालक म्हणून त्याचंच नाव असतं, तेव्हा पत्र गाळेवाल्याकडून नाही, ठेकेदाराकडून घ्या.