रेवदंड्यात किल्ला दिसतो कुठून?

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी, साठीच्या पुढच्या, डिसेंबरात अलिबागला येतोय. एकच दिवस हाताशी आहे. तटबंदीतलं जुनं गाव निवांत बघायचंय, म्हणून रेवदंडा ठरवलं. पण जाऊन आलेली भाची म्हणते, "नुसत्या भिंती आणि माड!" खरं का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : भाचीचं चुकलं नाही, पण ती आधी रेवदंड्यात उतरली असणार. रस्ताच तटातून आत शिरतो. एसटीतून उतरता तेव्हा तुम्ही किल्ल्याच्या पोटात असता, मग किल्ला दिसणार कुठून?

म्हणून आधी कोर्लई गाठा. अलिबागहून रिक्षा दिवसभरासाठी ठरवा (भाडं आधीच बोलून घ्या, नंतर तोंडं वाकडी नकोत), साळावचा पूल ओलांडा आणि दीपगृहाशी उतरा. तिथून गडावर पायऱ्या आहेत. ऊन तापायच्या आत चढा, आणि गुडघे माझ्यासारखे कुरकुरणारे असतील तर हातात काठी असू द्या. वर गेलात की एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कुंडलिकेची खाडी, आणि खाडीपलीकडे माडांत बुडालेलं रेवदंडा. रेवदंडा तेव्हा पोर्तुगीजांचं. 1570-71 मध्ये निजामशाही फौजेनं त्याला वेढा घातला, पण पोर्तुगीजांनी गाव सोडलं नाही. पुढे निजामशाहीनं तुम्ही उभ्या आहात त्याच डोंगरावर किल्ला बांधायला घेतला. इथल्या तोफांपुढून गलबत आत न्यायची कुणाची छाती? पोर्तुगीजांनी ते ओळखलं आणि 1594 मध्ये डोंगरच जिंकून घेतला.

खाली कोर्लई गावात काही ख्रिस्ती घरांत अजून पोर्तुगीज वळणाची बोली चालते. पोर्तुगीजांची वसई 1739 मध्ये मराठ्यांपुढे पडली, पुढच्याच वर्षी रेवदंडा-कोर्लईही मराठ्यांकडे आलं, पण बोली टिकली. मात्र अंगणात मोबाइल रोखून "जरा बोलून दाखवा ना" म्हणू नका. मला ते बघवत नाही.

जेवून मग रेवदंड्यात या. दरवाजाशी मान वर करून पोर्तुगीज राजचिन्ह बघा, वाऱ्यापावसानं झिजलंय पण ओळखू येतं. सातखणी बुरूज म्हणतात तो मुळात चर्चचा मनोरा. सातही खण आता उरलेले नाहीत, तरी माडांच्या वर डोकं काढून आहे. बाकी तट लोकांच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांना टेकलेला आहे. बेड्यावरून, म्हणजे वाडीच्या फाटकातून, आत शिरण्याआधी हाक मारा. नाही म्हणणारं क्वचितच भेटेल, पण न विचारता घुसलेल्या पाहुण्यांना माणसं विटली आहेत.

प्रश्न : हेच पावसाळ्यात जमेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : रेवदंडा जमेल, कोर्लईचा चढ नको, पायऱ्या शेवाळतात. गेटवे-मांडवा लाँचा पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरची रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट) हवामान बघून सुटते, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा, नाहीतर सरळ पेणमार्गे एसटी.