'थांब' म्हटलं तरी रोबोट उशिरा थांबतो, काय करू?

प्रश्न: मी छंद म्हणून दोन चाकांचा छोटा रोबोट बनवलाय, आत रास्पबेरी पाय 4 हा छोटा कॉम्प्युटर आहे. बोललेलं ओळखायला व्हिस्पर टाकलंय आणि त्याला बोलतं करायला ईस्पीक एनजी. पण 'थांब' म्हटलं की तो इतक्या उशिरा थांबतो की तोवर भिंतीला धडकलेला असतो, आणि कोणी काही बोललं नाही तरी कधीकधी त्याला शब्द ऐकू येतात. व्हिस्परचं मोठं मॉडेल टाकू का?

उत्तर: नका टाकू, अजून हळू होईल. व्हिस्पर चांगलंच आहे, 6 लाख 80 हजार तासांच्या आवाजावर शिकलेलं आहे, पण ते 30-30 सेकंदांच्या तुकड्यांवर काम करतं. तुमचं 'थांब' अर्ध्या सेकंदाचं असलं तरी पुढची जागा शांततेने भरून ते सगळ्या तुकड्याचं गणित करत बसतं, आणि शांतता किंवा मोटरची घरघर मिळाली की त्यातूनही वाक्यं तयार करतं, म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारी तिथूनच आल्यात.

लांब बोललेलं लिहून घ्यायचं असेल तेव्हा व्हिस्पर वापरा, हुकमांसाठी व्हॉस्क घ्या, तेही बोललेलं ओळखणारंच सॉफ्टवेअर आहे. त्याचं छोटं मॉडेल साधारण 50 एमबीचं असतं, नेट लागत नाही, आणि तुम्ही बोलत असतानाच ते ओळखत जातं. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे शब्दांची यादी देता येते, आठ-दहा हुकूम दिले की ते फक्त त्यातलेच शोधतं, फक्त यादीत 'अनोळखी'ची खूण, म्हणजे [unk], घालायला विसरू नका, नाहीतर दार आपटलं तरी त्याला ते 'पुढे'च वाटेल. यादीतले शब्द मॉडेलच्या शब्दकोशात असावे लागतात, म्हणून ज्या भाषेचं मॉडेल मिळेल तिच्यातलेच हुकूम ठेवा, हिंदीचं छोटं मॉडेल आहे. हुकूम जरा लांब ठेवा, एका अक्षराचे शब्द फार गोंधळ घालतात.

आता माइक. रास्पबेरी पायला स्वतःचा माइक इनपुट नाही म्हणजे तुमचा बहुतेक यूएसबीच असणार, तो मोटरपासून लांब आणि फोमवर बसवा आणि आवाज 16 किलोहर्ट्झ, मोनो (एकाच चॅनलचा) घ्या. हे साधं वाटतं पण मॉडेल बदलण्यापेक्षा याने जास्त फरक पडतो असं माझं ठाम मत आहे. रोबोट बोलत असेल तेवढा वेळ आणि त्यानंतरही क्षणभर माइकचा आवाज टाकून द्या, नाहीतर तो स्वतःचंच ऐकून स्वतःलाच हुकूम देईल.

ईस्पीक एनजीचा आवाज यांत्रिक आहे पण लगेच बोलतो आणि मराठीही बोलतो. माणसासारखा आवाज हवा असेल तर पायपर हे बोलणारं सॉफ्टवेअर बघा, आणि ठरलेली वाक्यं आधीच फाइल करून ठेवा म्हणजे वेळेवर फक्त वाजवायची.

भिंतीचं काम मात्र आवाजावर सोडू नका हो, पुढे बंपर स्विच (धडकताच दाबला जाणारा) किंवा अल्ट्रासॉनिक सेन्सर (ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा) लावा आणि मोटर त्यावरच थांबवा.