पहिला गेमिंग पीसी: पैसे कुठे घालायचे

आधी मॉनिटर ठरवा. १०८०पी (फुल एचडी) वर खेळायचं तर रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड पुरतात. १४४०पी, म्हणजे त्याहून जास्त स्पष्ट चित्र, हवं असेल तर प्रोसेसर तोच ठेवून ग्राफिक्स कार्ड वाढवा, शक्यतो १२ जीबी व्हीरॅमचं (कार्डाची स्वतःची मेमरी). ७६०० ला एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो ती जागा) मदरबोर्ड आणि डीडीआर५ रॅमच लागते. जुनी डीडीआर४ त्यात बसत नाही.

रॅम १६ जीबीच्या दोन स्टिक घ्या. बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या ठरलेल्या वेगाने चालवणारा पर्याय, चालू करायला विसरू नका, नाहीतर ६००० वेगाची रॅम सहसा ४८०० वरच चालत राहते.

पॉवर सप्लायवर मात्र कृपा करून काटकसर नको. कॅबिनेटसोबत येणारा स्वस्त सप्लाय ऐन गेममध्ये लोड आला की मशीन बंद पाडतो, आणि जळालाच तर बोर्ड-कार्डही सोबत नेऊ शकतो. चांगल्या कंपनीचा ६५० वॉटचा घ्या. ‘८० प्लस’चा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, संरक्षणाचं काही सांगत नाही.

कार्डाची लांबी कॅबिनेटशी ताडून बघा. मॉनिटरची केबल कार्डालाच जोडा, बोर्डाला नाही. पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळी राहील. रॅमचं ट्रेनिंग चालू असतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, तेव्हा घाबरून पॉवरचं बटण दाबू नका.