फळ्यावरचं शून्य

प्रिय मित्रा,

तुझा मेल मिळाला, कारखान्यात तुझ्या लाइनवर लावलेल्या फळ्याचा फोटोही पाहिला. शिफ्टची जबाबदारी घेऊन जेमतेम सहा आठवडे झाले आणि ‘आढळलेल्या चुका’ या रकान्यात सलग २२ दिवस शून्य. तू लिहिलंस की सुरुवातीलाच सकाळच्या मीटिंगमध्ये एका ऑपरेटरला सगळ्यांसमोर झापलंस आणि तेव्हापासून लाइन सुतासारखी सरळ आली. मी शाबासकी देईन असं तुला वाटलं असणार. पण तो फोटो पाहून मला काळजी वाटली. का वाटली हे फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आधी एक गोष्ट सांगतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एमी एडमंडसन हार्वर्डमध्ये पीएच.डी. करत होत्या. तेव्हा रुग्णालयांत औषधं देताना किती चुका होतात याचा एक मोठा अभ्यास चालू होता आणि त्यातला एक तुकडा त्यांच्या वाट्याला आला. दोन रुग्णालयांतले आठ विभाग निवडले होते. चुका मोजायचं काम डॉक्टर-परिचारिकांकडे. एडमंडसन यांनी प्रश्नावली देऊन बघायचं होतं की कुठल्या विभागातली माणसं एकत्र चांगलं काम करतात. अंदाज सरळ होता: टीम चांगली, तर चुका कमी. आकडे शेजारी-शेजारी मांडले तेव्हा चित्र नेमकं उलटं निघालं. ज्या टीम चांगल्या, त्यांच्याच नावावर चुका जास्त.

इथे कुणीही आपलं गणित चुकलं असं समजून फाइल मिटली असती. त्यांनी तसं केलं नाही. त्यांना वाटलं, कदाचित या टीम जास्त चुका करत नसतील, जास्त चुका सांगत असतील. मग त्यांनी एका सहायकाला त्या विभागांत पाठवलं. कुठे किती चुका नोंदल्या गेल्यात, कुठली टीम चांगली ठरलीय, यातलं त्याला काहीच सांगितलं नव्हतं. तो तिथे राहिला, माणसांशी बोलला आणि परत येऊन सांगितलं की वातावरणात जमीन-अस्मानाचा फरक आहे. काही विभागांत परिचारिका स्वतःहून जाऊन सांगत, ‘माझ्याकडून असं झालं’, आणि पुढे काय करायचं ते सगळे मिळून बघत. काही ठिकाणी चूक म्हणजे आरोपीचा पिंजरा, त्यामुळे सगळे गप्प. मोकळेपणानुसार त्याने विभागांचा जो क्रम लावला, तो नोंदलेल्या चुकांच्या क्रमाशी बहुतांशी जुळला.

हे काम १९९६ मध्ये छापून आलं. पुढे १९९९ मध्ये, तोवर हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकवायला लागलेल्या एडमंडसन यांनी एका ऑफिस फर्निचर बनवणाऱ्या कंपनीतल्या ५१ टीमचा अभ्यास मांडला. टीममध्ये बोलायची भीती नसण्याला त्यांनी मानसिक सुरक्षितता म्हटलं. जिथे ती होती तिथली माणसं प्रश्न विचारत, मदत मागत, चुकांवर बोलत, आणि त्यांचं कामही सरस होतं.

आता तुझा फळा पुन्हा बघ. कुठल्याही मशिनिंग लाइनवर २२ दिवसांत काहीच चुकत नाही, हे तुला स्वतःला पटतं का? हत्याराचा कापणारा इन्सर्ट झिजतो, मशीनला दिलेला मापाचा ऑफसेट चुकीचा पडतो, रात्रपाळीला डोळा लागतो. ते शून्य चुकांचं नाही, सांगण्याचं आहे.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. तुझ्याच वयाचा असताना मी भोसरीत एका कारखान्यात शिफ्ट बघत होतो. एका ऑपरेटरने माप तपासायचं गेज जरा सैल जातंय म्हणून मशीन थांबवली. तपासलं तर सगळं मापात होतं. पाऊण तासाचं उत्पादन गेलं म्हणून मी त्याला सगळ्यांच्या देखत वाट्टेल ते बोललो. आठवडाभराने शेजारच्या मशीनवर बोअर, म्हणजे पीसमधलं भोक, खरोखरच मोठा व्हायला लागला. तिथल्या ऑपरेटरला पहिल्या तासातच ते जाणवलं होतं. तो बोलला नाही. माल ग्राहकाच्या लाइनवर जाऊन अडकला, आणि आम्ही तीन दिवस त्यांच्या गोदामात बसून एकेक पीस गेज लावून वेगळा करत होतो. कित्येक महिन्यांनी कँटीनमध्ये तो मला म्हणाला, “साहेब, कळलं होतं मला. पण तुमचा त्या दिवशीचा अवतार बघितला होता ना.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळेच ते मला जास्त लागलं.

तू लिहिलंस की त्या सकाळी मीटिंगच्या दहा मिनिटं आधी तुला ग्राहकाचा फोन आला होता आणि त्यांनी तुला बरंच सुनावलं. हे तू सहज लिहून गेलास, पण सगळं इथेच आहे. १९९३ मध्ये केल्टनर, एल्सवर्थ आणि एडवर्ड्स या मानसशास्त्राच्या संशोधकांनी दाखवलं की खिन्न माणूस घडलेल्या गोष्टीचं कारण परिस्थितीत शोधतो, रागावलेला माणूस ते दुसऱ्या माणसात शोधतो. त्याच केल्टनर यांनी जेनिफर लर्नर यांच्याबरोबर २००१ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली: भ्यालेल्या माणसाला धोका मोठा दिसतो, रागावलेल्याला लहान. म्हणजे त्या सकाळी तू मीटिंगला गेलास तेव्हा ‘कोणामुळे?’ हा प्रश्न तुझ्या डोक्यात आधीच तयार होता, आणि उत्तराबद्दल तुला शंकाही नव्हती. राग ग्राहकाचा होता, उतरला त्या पोरावर. फोन आणि मीटिंग यांत अर्धा तास गेला असता, तर तू कदाचित विचारलं असतंस की पीस पकडणारं फिक्स्चर कधी बदललं, मशीन लावणारा सेटर कोण होता, ड्रॉइंग कुठल्या तारखेचं लावलंय. राग आलेला असताना माणसाबद्दल निर्णय घेऊ नकोस. मशीनबद्दलचा घ्यावा लागला तर घे.

एक मात्र नीट समजून घे. यातून कुणी ‘म्हणजे आता कुणाला काही बोलायचंच नाही’ असं काढलं तर ते साफ चूक आहे. एडमंडसन यांनी स्वतः वारंवार सांगितलंय की कामाची अपेक्षा उंचच ठेवायची, भीती तेवढी काढायची. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, दहा मायक्रॉनचा आहे तर तो दहाच राहील. तो पाळला गेला नाही हे तुला लगेच कळावं, एवढ्यासाठीच हे सगळं.

आणि पोरांना भीती फक्त तुझीच असते असंही समजू नकोस. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग तुम्हाला कॉलेजात शिकवले असतील. बहुतेक ठिकाणी दिवे वाढवले आणि उत्पादन वाढलं एवढंच सांगून पुढे जातात. त्या दिव्यांच्या जुन्या आकडेवारीची २०११ मध्ये पुन्हा छाननी झाली, तेव्हा त्यात गोष्टीत सांगतात तसा ठसठशीत परिणाम सापडला नाही. मला त्यातला शेवटचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. १९३१-३२ मध्ये तिथे १४ कामगारांना एका वेगळ्या खोलीत बसवून त्यांचं निरीक्षण केलं. दिवसाला किती काम करायचं हे त्यांनी आपापसात ठरवून ठेवलं होतं. जास्त करणाऱ्याच्या दंडावर बुक्की बसायची. एखाद्या दिवशी जास्त झालं तर ते लपवून कमी भरलेल्या दिवसात दाखवायचे, म्हणजे कागदावर रोजचा आकडा सपाट दिसायचा. माणसं आळशी होती म्हणून नव्हे. जास्त काम दाखवलं तर दर कापतील, माणसं कमी करतील, ही धास्ती होती, आणि ती वर्षं महामंदीची होती. तुझ्या लाइनवर निम्मी पोरं कंत्राटी आहेत. चूक कबूल केली तर उद्या गेटवर पास चालणार नाही, ही त्यांची भीती खरी आहे. ती भाषणाने जाणार नाही. म्हणून आधी तू सांगायचं. उद्याच्या मीटिंगमध्ये या सहा आठवड्यांत तुझ्याकडून काय चुकलं ते एक उदाहरण देऊन सांग. तू कायम नोकरीत आहेस, तुला ते परवडतं.

विचारण्याची पद्धतही बदल. मिनियापोलिसच्या एका बालरुग्णालयात ज्युली मोराथ १९९९ मध्ये प्रमुख अधिकारी म्हणून आल्या. चुका होतात का, असं विचारलं की कर्मचारी ‘आमच्याकडे नाही’ म्हणत. मग त्या वेगळं विचारू लागल्या: गेल्या आठवड्यातले तुमचे रुग्ण आठवा, सगळं तुम्हाला हवं होतं तितकं सुरक्षित होतं का? लोक बोलायला लागले. तू ‘काय चुकलं?’ विचारू नकोस. ‘आज कुठे मनासारखं झालं नाही?’ असं विचार. आणि पहिला कोणी बोलेल त्या दिवशी सगळी लाइन त्याच्याकडे नाही, तुझ्या चेहऱ्याकडे बघत असेल. त्याला आधी ‘बरं झालं सांगितलंस’ म्हण. बाकीचं नंतर.

तू पुढे-मागे संघटनवर्तनात, म्हणजे कामाच्या ठिकाणी माणसं कशी वागतात या विषयात, पीएच.डी. करायचं म्हणतोस, म्हणून आणखी एक. या विषयातला प्रत्येक निष्कर्ष डोळे झाकून घेऊ नकोस. फॉर्मवर ‘माहिती खरी आहे’ याची सही खाली घेण्याऐवजी वर घेतली तर लोक जास्त खरं लिहितात, असा एक शोधनिबंध २०१२ मध्ये आला आणि जगभर गाजला. त्यातल्या मोटार विम्याच्या प्रयोगाची आकडेवारी बनावट असल्याचं उघड झालं आणि २०२१ मध्ये तो मागे घ्यावा लागला. याच क्षेत्रातल्या दुसऱ्या एका निबंधावर पीएच.डी. करणाऱ्या एका तरुण संशोधिकेने शंका घेतली, तर ती टीका प्रबंधातून काढायला तिला सांगण्यात आलं. बोलण्याच्या भीतीचा अभ्यास जिथे होतो, तिथेही वरच्या माणसापुढे बोलणं इतकं अवघड असतं. ती थांबली नाही, आणखी काही जणांनी आकडे तपासून जाहीरपणे मांडले, म्हणून त्या क्षेत्राला आपलं घर झाडता आलं. तू त्या वाटेने गेलास तर आकडा आपल्याला हवा तसा आला की जास्त तपासायचा, ही सवय आत्तापासून लाव. सुरुवात त्या २२ शून्यांपासून कर.

ज्या पोराला तू झापलंस तो दुसऱ्या पाळीला असतो असं तू लिहिलंयस. त्याला केबिनमध्ये बोलावू नकोस, तो अर्धमेला होऊन येईल. चहाच्या सुट्टीत तूच त्याच्या मशीनपाशी जा. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोललास ते चुकलं, एवढं स्वच्छ शब्दांत सांग आणि ते चार लोकांच्या कानावर पडू दे, कारण अपमानही चार लोकांतच झाला होता. मग त्याला विचार की त्या दिवशी मशीनवर नेमकं काय झालं होतं. माझा अंदाज आहे की हे त्याला अजून कोणी विचारलेलंच नाही.

तुझा,
काका