ताडोबातील अस्वल फोटोत नुसते काळ्या गोळ्यासारखे येते, काय करावे?
अस्वल मान वर करेपर्यंत थांबावे आणि फोकस केसांवर न ठेवता डोळ्यावर किंवा फिकट तोंडावर ठेवावा, कारण दाट काळ्या केसांत ऑटोफोकसला धरायला ठळक कडच सापडत नाही. वारूळ उकरून वाळवी खाणारे अस्वल बराच वेळ एका जागी असते, पण तोंड मातीत खुपसून. वाळवी ओढून घेतानाचा आवाज (तो जिप्सीपर्यंत चांगला ऐकू येतो) थांबला की ते बहुधा हुंगायला मान उचलते आणि छातीवरची पांढरी खूणही तेव्हाच दिसते, असा उन्हाळी सफारींतला अनुभव आहे. अस्वलाने चौकट भरली असेल, तर कॅमेरा काळा रंग जास्तच उजळ करतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोसाठी घेतला जाणारा प्रकाश) अर्धा ते एक स्टॉप कमी करावे; एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा. मागे उन्हातले वाळके गवत असेल, तर मात्र ते वाढवावे लागते.