ठाण्याहून म्हैसूरला जातोय. मोठा राजवाडा पाहिल्यावर जगन्मोहन पॅलेसची आर्ट गॅलरी पाहावी का?

हो, नक्की पाहा, आणि दोन तास तरी हाताशी ठेवा. मोठ्या राजवाड्यात वास्तू बघायची, इथे चित्रं. १८६१ च्या या महालात राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत, पण मी ठाण्याहून गेलो तो सावळाराम हळदणकरांच्या दिवा घेतलेल्या बाईसाठी. सावंतवाडीचा आपला चित्रकार! ज्योतीवर आडोसा धरलेल्या हाताच्या बोटांतून उजेड लालसर झिरपतो, आणि हे सगळं जलरंगात, जिथे चूक झाकायला फारशी जागाच नसते. बरेच जण ते रविवर्म्याचं समजतात, म्हणून मुलांना आधीच नाव सांगून ठेवा. फक्त सोबत गुडघेदुखीवालं कुणी असेल तर जिने आहेत, आणि जुनी इमारत म्हणजे डागडुजीला दालनं बंद असू शकतात. निघण्यापूर्वी फोन करून विचारा.