पाण्यातल्या प्रदूषकांचे 'निदान' की 'शोध'?

प्रश्न असा आला आहे : 'शुद्धीकरणादरम्यान पाण्यातील हार्मोननाशक प्रदूषकांचे निदान' हा शब्दप्रयोग बरोबर आहे का?

नाही. हल्ली 'निदान' कुठेही चिकटवतात, त्याचा वीट आला आहे. भेसळीचे निदान, गळतीचे निदान, आता पाण्यातल्या द्रव्यांचेही. निदान रोगाचे होते, कारण निदान म्हणजे मूळ कारण. १९९०च्या दशकात इंग्लंडमधल्या नद्यांत, सांडपाणी केंद्रांच्या खालच्या अंगाला, रोच जातीच्या नर माशांच्या वृषणांत अंडपेशी आढळल्या. पाण्यातल्या हार्मोनसारख्या द्रव्यांमुळे झालेल्या त्या विकृतीचे निदान झाले असे खुशाल म्हणा. पाण्यातल्या द्रव्याचा मात्र शोधच घ्यायचा असतो.

आणि या विषयाला 'शोध' इतका चपखल शब्द दुसरा नाही! धातू 'शुध्', म्हणजे स्वच्छ होणे. शुद्धी, शोधन, संशोधन, शुद्धिपत्र ही सगळी त्याचीच लेकरे. वैद्य पारा शोधतात तेव्हा तो हरवलेला नसतो, त्यातले दोष काढायचे असतात. मग मराठीत 'शोधणे' म्हणजे मुख्यतः हुडकणे कसे झाले? 'तपासणे' ही छटा संस्कृतातही आहे, पण 'अर्थविस्तार झाला' एवढी नोंद करून पुढे जाणारे कोशकार मला पटत नाहीत. का झाला, ते सांगायला नको? माझे मत असे की हा अर्थ धुण्याच्या धंद्यांतून रुजला. झारेकरी सोनाराच्या दुकानापुढची माती झाडून न्यायचे आणि पाण्यात घोळून घोळून धुवायचे. माती वाहून गेली की तळाशी सोन्याचे कण राहत. तिथे धुणे आणि सापडणे ही दोन कामे नव्हतीच.

सांडपाण्यातही नेमके हेच घडते. शरीर इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनला ग्लुक्युरोनाइडसारखी रासायनिक जोड लावून मूत्रावाटे बाहेर टाकते. या जोडरूपात ते जवळजवळ निष्क्रिय असते. गटारातले आणि प्रक्रिया केंद्रातले जिवाणू ती जोड तोडतात आणि इस्ट्रोजेन पुन्हा मोकळे होते. म्हणजे लपलेले द्रव्य शुद्धी चालू असतानाच उघडे पडते. शुद्धी आणि शोध एकाच धातूचे, हे इथे डोळ्यांनी दिसते.

काही जण हिंदीतल्या 'संसूचन' शब्दाचा आग्रह धरतात. तो शब्द अपुरा आहे. सूचन म्हणजे सुगावा देणे. यीस्टच्या चाचणीला तो शोभेल : त्या यीस्टमध्ये माणसाच्या इस्ट्रोजेन-ग्राहीचे (पेशीत हार्मोन ज्यावर जाऊन बसते त्या रेणूचे, म्हणजे रिसेप्टरचे) जनुक घातलेले असते, आणि नमुन्यात इस्ट्रोजेनसारखे काही असले की पिवळे द्रावण लाल होते. कुणीतरी आहे एवढे कळते, कोण ते कळत नाही. नाव आणि प्रमाण कळायला क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातली द्रव्ये वेगळी करणे) आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीच (रेणूंच्या वस्तुमानावरून ती ओळखणे) लागते, तीही लिटरमागे नॅनोग्रॅम मोजू शकणारी. कॅनडात ओंटारियोमधल्या एका प्रायोगिक तळ्यात २००१ ते २००३ या काळात गर्भनिरोधक गोळ्यांतले एथिनिलएस्ट्राडिओल लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम राहील असे सोडले, तर तिथले फॅटहेड मिनो मासे जवळजवळ संपले. इतक्या सूक्ष्म प्रमाणापर्यंत पोहोचणाऱ्या कामाला नुसते 'संसूचन' म्हणणे हा त्या कामावर अन्याय आहे.

'हार्मोननाशक' राहिलेच. तेही चूक. एथिनिलएस्ट्राडिओल किंवा डिटर्जंटांतून येणारे नोनिलफिनॉल आपल्या हार्मोनचा नाश करत नाही, तर त्याच्या ग्राहीवर स्वतः जाऊन बसते आणि त्याचे सोंग आणते. काही द्रव्ये ग्राही अडवून ठेवतात, काही हार्मोनची निर्मिती बिघडवतात. तेव्हा 'संप्रेरकांच्या (म्हणजे हार्मोनांच्या) कार्यात व्यत्यय आणणारी प्रदूषके' असे सरळ लिहावे. लांब होते, पण खरे आहे.